नैवेद्याच्या भाताचं तूस

माझ्या धाकट्या सुनेनं माझ्या तांदळाच्या कणगीत काळ्या पाण्याची बाटली पुरून ठेवली होती. एवढं सांगितलं तरी शहाण्या माणसाला ती बाई कशी आहे ते कळावं. देवीच्या नैवेद्याला तांदूळ काढायला म्हणून मी हात घातला आणि बोटांना काच लागली. ओढून बाहेर काढली तर आत डांबरासारखं पाणी. बूच जरा सैल केलं मात्र, नासक्या अंड्याचा असा भपकारा सुटला की चुलीजवळचं मांजर उठून परसात गेलं.

"सुलभा," मी हाक मारली.

ती आली. शाळेत जायची घाई, खांद्याला पिशवी, केसांत कालच्या खडूची धूळ तशीच. बाटली बघून म्हणते कशी, "आई, बूच उघडलंत? आधी साबणानं हात धुवा."

घर माझं, कणगी माझी, घाण तिनं पुरलेली, आणि हात मी धुवायचे.

"हे काय आहे?"

"जुगाईचं पाणी."

"जुगाईचं पाणी काळं असतं?"

"परवा गायमुखातून भरलं तेव्हा स्वच्छच दिसत होतं. बाटलीत औषधाची पट्टी असते. पाण्यात घाण असली की ते काळं पडतं. ऊब लागते, म्हणून तांदळात ठेवली. आज आठवीच्या मुलांना दाखवायचीय."

"घाण कसली?"

ती जरा अडखळली. "पोटातली. सकाळी लोटा घेऊन जातात ना, ती."

मी बाटली खाली ठेवली आणि हात धुतले. साबणानं नाही, चुलीतल्या राखेनं. तिचं ऐकलं असं व्हायला नको.

आमच्या गावात जुगाईच्या देवळामागं दगडी गायमुख आहे. त्यातून बारा महिने पाणी पडतं आणि सगळा गाव ते पितो. हे पाणी काशीहून जमिनीखालून येतं असं मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. घटस्थापनेला त्या पाण्याचा पहिला हंडा आमच्या घरच्या बाईनं भरायचा, मग गावानं. तो मान माझ्याकडे आला तेव्हापासून गावात माझ्या शब्दाला वजन होतं. मी दुसरीतून शाळा सोडलेली. पण तालुक्याचा साहेब आला तरी आधी माझ्या ओटीवर येऊन 'द्वारकाकाकी, नमस्कार' म्हणायचा आणि मगच पंचायतीत जायचा.

सुलभा घाटावरची. शिकलेली, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलेली. माझा धाकटा वसंता एसटीत, तो डेपोत आणि ही माझ्या पदरात. लग्न होऊन आली त्याच पावसाळ्यात मला विचारते, "आई, पाणी काशीहून येतं, मग आपल्या डोक्यावरच्या सड्यावर पाऊस पडला की ते गढूळ का होतं?"

मी म्हटलं, "काशीला पण पाऊस पडतो."

"त्याच दिवशी?"

अशी. दोष एकच, पण पायलीभर. कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. दूध तापवलंय म्हटलं की पातेल्याला हात लावून बघणार. आमटीत मीठ पडलंय म्हटलं तरी आधी जिभेला थेंब.

त्या बाटलीच्या वर्षी भाद्रपदात गावात कावीळ आली. घराघरांत एकेक जण आडवा. माझा थोरला मुलगा जना, त्याची पोर पमा तर हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी झाली. मी तिला देवीचं तीर्थ पाजत होते, सकाळ-दुपार-संध्याकाळ. सुलभा तिच्यासाठी पाणी उकळून ठेवायची, ते मी तुळशीला घालायची.

तातू गावकरानं देवळात बैठक बोलावली. तातू म्हणजे गावचा पुढारी, आवाज मोठा, अक्कल बेताची. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आहे, तिथं चिरे काढायच्या खाणी होत्या. चिरे तोडायला विजापूरकडची माणसं बायकापोरांसकट येऊन झोपड्यांत राहायची आणि पाण्याला खाली गायमुखावर यायची. तातूनं खाकरून सांगितलं, "कावीळ त्या खाणवाल्यांनी आणली. उद्यापासून त्यांनी देवळाच्या दगडी गडग्याच्या आत पाय टाकायचा नाही."

"मग त्यांनी पाणी कुठलं प्यायचं?" हे मागून आलं. सुलभाच. बायका बैठकीत बोलत नाहीत. मी मानाची म्हणून बोलते, ते वेगळं.

"खाणीच्या खड्ड्यात साचलंय की ढीगभर."

"तात्या, त्यात म्हशीसुद्धा तोंड घालत नाहीत. त्यांच्यात कावीळ आहे कारण आपण पितो तेच पाणी ते पितात. सड्यावर पांडवांचं भुयार आहे ना? सड्यावरचा ओहोळ त्यात पडतो. सकाळी अर्धा गाव लोटा घेऊन त्या ओहोळाच्या काठानं बसतो. मेलेली ढोरं आपण भुयारात टाकतो, बाटल्या टाकतो, जनाभावजी त्यांच्या पोल्ट्रीच्या शेडवरच्या मेलेल्या कोंबड्या टाकतात. मला वाटतं ते सगळं फिरून गायमुखात येतं."

पांडवांच्या भुयाराला तळ नाही, ते पाताळात जातं, त्यात टाकलेलं परत येत नाही. म्हणून तर तिथं टाकायचं. हे लहान पोरालाही ठाऊक.

तातू म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत शास्त्र शिकवा. गावाच्या गोष्टीत ते कशाला आणता?"

"मग कावीळ कुठल्या विषयात शिकवू? मराठीत?"

पोरं मागं खिदळली. मी मान खाली घातली. लाज तिच्या बोलण्याची वाटत होती, पण उत्तर झोंबणारं होतं, आणि झोंबणारी उत्तरं या गावात आजवर मी देत आले होते.

ठराव मात्र तातूचाच झाला. दुसऱ्या दिवशी खाणीवरच्या बायका हंडे घेऊन आल्या आणि गडग्याबाहेरून परत गेल्या. त्यांच्यातली एक पोर सुलभाच्या वर्गात होती, निंगव्वा नावाची. घरी कानडी, म्हणून मराठी सगळं पुस्तकातनं शिकलेली. बोलायला लागली की वाटायचं, धडा वाचतेय. ती गडग्यावर कोपरं टेकून पाण्याकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "जा गो घरी." तर म्हणाली, "आजी, माझा धाकटा भाऊ आजारी आहे. त्याला तहान लागली आहे." मी पाठ फिरवली. ठराव म्हणजे ठराव.

सुलभा स्वस्थ बसणार होती थोडीच. पुढल्या रविवारी पहाटे आठवीचा वर्ग घेऊन ती सड्यावर गेली आणि बाजारातल्या मिठाईवाल्याकडून आणलेला जिलबीचा तांबडा रंग पाण्यात कालवून, तिनं घागरीवर घागरी भुयारात ओतल्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक झालं ते गुरवाच्या बायकोच्या किंकाळीनं. "काकी, धावा, देवीनं कुंकू सोडलं."

मी धावले. गायमुखातून गुलाबी पाणी पडत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी घरून खण-नारळ आणवला, देवीची ओटी भरली, पहिला नारळ मीच फोडला. बघता बघता गाव लोटला. ढोल आला, ताशा आला, तातू सोवळ्याचा कद नेसून आला. बायका ते पाणी कपाळाला लावत होत्या, बाटल्यांत भरून माहेरी पाठवत होत्या. आरती अगदी रंगात आली तेव्हा सड्यावरून पोरांचा लोंढा खाली आला, पुढं सुलभा, चपला हातात, "आला, रंग आला" म्हणून ओरडत.

आणि बघते तर हातात आरतीचं तबक घेऊन तिची सासू, म्हणजे मी, उभी.

तिनं सगळ्यांना ओरडून सांगितलं की हा रंग मी टाकला, जिलबीचा आहे. कोण ऐकतंय. तातू म्हणाला, "बाई, देवीचं श्रेय घेऊ नका, पाप लागेल." दुसरा म्हणाला, "वर कशाला, पोरांनी इथंच टाकला असेल." म्हणजे एकाच गावाच्या तोंडी तो देवीचा चमत्कारही होता आणि पोरांची लबाडीही होती. फक्त खरं तेवढं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं भिंतीकडे तोंड करून भाकरी थापल्या. एकेक भाकर अशी आपटत होती की परात फुटते की काय वाटावं. माझाही पारा चढलेला होता. माझ्या हातचा नारळ तिनं जिलबीच्या रंगावर फोडायला लावला होता.

"तुला दाखवायचंच आहे ना?" मी म्हटलं. "मग असं काहीतरी टाक की जे गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. म्हणजे इथं टाकलं का तिथं, हा वाद नको."

"असं काय आहे?"

मी माळ्याकडे बोट केलं.

जुगाईच्या नैवेद्याला काळ्या सालीचा भात लागतो. सबंध गावात तो एकट्या आमच्या देवीच्या कुणग्यात, त्या एवढ्याशा शेतात, होतो. आत तांदूळ पांढरा, वरचं तूस मात्र कोळशासारखं काळं. ते तूस जाळत नाहीत, त्यावर पाय पडू देत नाहीत. पोत्यात भरून माळ्यावर ठेवायचं आणि पेरणीला त्याच कुणग्यात परत नेऊन टाकायचं. माझी सासू एवढी कडक की भात कांडून झाल्यावर माझा पदर झटकून बघायची, एखादं तूस चिकटून बाहेर तर चाललं नाही ना. निवडलेला तांदूळ ती परत निवडायला लावायची. घासलेला हंडा उन्हात धरून बघायची. एकदा झालेलं काम तिच्या लेखी झालेलंच नसायचं.

"देवीचं तूस देते मी," मी म्हटलं. "काशीचं पाणी आहे, काशीचंच राहील. तूस खाली आलं नाही, तर हा उद्योग कायमचा बंद."

"आणि आलं तर?"

"आलं तर मी स्वतः गावाला सांगेन. पंच मी."

तिनं भाकरी थापायची थांबवली. पिठाच्या हातानंच माझ्या पाया पडली, माझ्या निऱ्यांवर दोन पांढरे पंजे उमटले. मी खरं सांगते, मला तेव्हा एका दाण्याचीही शंका नव्हती. मी तिला तूस दिलं ते हरवायला.

तातूही खूश झाला. काकी पंच म्हटल्यावर प्रश्नच मिटला. ठरलं असं की तूस खाली उतरलं तर खाणवाल्यांना गायमुख मोकळं, नाही तर त्यांनी खड्ड्याचंच पाणी प्यायचं आणि मास्तरणीनं पुस्तकाबाहेर पाय टाकायचा नाही.

बुधवारी सकाळी पोतं वर गेलं. पोत्याच्या मागं गाव गेला, भुयारात तूस ओततात म्हणजे काय होतं ते बघायला. पाताळातून कुणीतरी ओरडेल अशीच सगळ्यांना आशा. खाली गायमुखाशी राहिले मी, माझा जना, आणि सुलभाच्या वर्गातल्या चार-पाच पोरी. पोरींच्या हातात थाळी होती. तूस दिसलं की ती बडवायची, म्हणजे वर कळेल. गायमुखाच्या तोंडाखाली जुन्या धोतराचं फडकं चौकटीला ताणून बांधलं होतं, पाणी त्यातून गळून खाली जायचं. गडग्याबाहेर निंगव्वा उभी. तिला आत यायची बंदी, पण बघायची बंदी कुणी घातली नव्हती.

वरून आरोळी आली. "टाकलं."

मी दगडावर मांडी घालून बसले. पाणी पडत होतं. फडक्यावर एक आंब्याचं वाळकं पान आलं, मी उचलून फेकलं. एक किडा आला. जरा वेळानं काटकी आली. प्रत्येक वेळी मी वाकून बघायची आणि माझाच मला राग यायचा. मला ते तूस यायला नको होतं, आणि डोळे मात्र त्याचीच वाट बघत होते.

ऊन देवळाच्या शिखरावर आलं. पोरी कंटाळल्या. थाळी गडग्यावर ठेवून त्या पिंपळाखाली सागरगोटे खेळायला बसल्या. जना माझ्या बाजूला येऊन उकिडवा बसला.

"नाही येत आता," तो म्हणाला. "काशीचं पाणी ते."

"होय तर," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात फडक्यावर एक काळा ठिपका आला.

मी वाकले. ठिपका नव्हता, तूस होतं. बोटाच्या टोकावर घेतलं. काळं, होडीसारखं वळलेलं, टोकाला बारीक कुसळ. आयुष्यभर सुपातून पाखडलेलं माझं तूस मी ओळखणार नाही? दुसरं आलं. मग दहा-पाच एकदम आली, मग मूठभर, फडक्याच्या खळग्यात मुंग्यांसारखी गोल फिरायला लागली. मला हसू फुटलं. का फुटलं ते विचारू नका. हरले होते मी, आणि पोरासारखं हसायला येत होतं. अख्खा सडा माझ्या डोळ्यांसमोर पोखरलेल्या फणसासारखा उघडा झाला, वरून टाकावं आणि खालून निघावं. मी दोन्ही हातांनी तूस ओंजळीत घेतलं.

ओंजळीत तुसाबरोबर एक पीसही आलं. ओलं, पांढरंधोप. आमच्या गावात परसातल्या कोंबड्या सगळ्या तांबड्या-काळ्या. पांढरी कोंबडी एकाच ठिकाणी होती, माझ्या जनाच्या शेडवर.

जनानं ते बघितलं. माझ्याआधी बघितलं.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मूठ मीट."

मी त्याच्याकडे बघितलं.

"पोरी तिकडं आहेत. वर कुणाला काय कळतंय. तूच पंच ना? नाही आलं म्हण. नाहीतर गाव माझी शेड मोडेल, आणि तुझा हंड्याचा मान तरी राहील काय?"

तो खोटं बोलत नव्हता. मूठ मिटायला मला कितीसा वेळ लागला असता. तूस पाण्यात सोडून दिलं की गेलं वाहून. गडग्याबाहेर ती पोर मात्र आमच्याकडे बघत होती. आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता, नुसती बघत होती.

"जना, पमाला आज बरं आहे?"

"नाही. रात्री परत उलटी झाली."

"पाणी कुठलं प्यायली?"

तो फडक्याची गाठ चाचपायला लागला.

"विचारते मी. कुठलं?"

"तीर्थ," तो म्हणाला. "तूच तर पाजलंस."

मी उठले. ओंजळ तशीच पुढं धरून गडग्याकडे तोंड केलं आणि हाक मारली, "निंगव्वा, ये गो इकडे. आत ये."

ती जागची हलली नाही. "आजी, आत यायला बंदी आहे."

"बंदी घालणारे सगळे सड्यावर गेलेत. मी बोलावतेय. माझे डोळे म्हातारे झाले, तुझे नवे आहेत. ये आणि बघून सांग, हे काय आहे."

ती गडग्याची खिंड ओलांडून आत आली. आधी चप्पल काढली, मग माझ्या ओंजळीवर वाकली. इतकं निरखून बघितलं की तिचा श्वास माझ्या बोटांना लागला.

"आजी, हे भाताचे टरफल आहे. रंग काळा आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे कोंबडीचे पीस आहे. पांढरे."

"मोठ्यानं सांग. शाळेत कविता म्हणतेस तशी."

तिनं सांगितलं. असं खणखणीत सांगितलं की पिंपळाखालच्या पोरी सागरगोटे टाकून धावत आल्या, आणि एकीनं थाळी घेऊन असा ठणाणा केला की देवळावरची कबुतरं उडाली.

गाव उतरला तो घसरत, पडत, एकमेकांच्या धोतरात पाय अडकवत. तातू पुढं. आल्या आल्या म्हणाला, "काकी, बघा हं, नीट बघून बोला. तुमच्या घराचाही प्रश्न आहे." जना एका बाजूला मान खाली घालून उभा होता, त्यावरून तातूला काय समजायचं ते समजलं असावं.

"नीट बघितलंय, तातू. माझ्या कुणग्यातलं तूस आहे. आणि हे पीस माझ्या जनाच्या कोंबडीचं. भुयाराला तळ आहे, आणि त्या तळाशी आपण सगळे तोंड लावून बसलोय. या लोकांनी काही आणलं नाही. पाणीही आपलं आणि घाणही आपलीच." मग मी ओंजळ त्याच्या नाकाजवळ नेली. "वास घे. जिलबीचा येतो काय बघ."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तातू दोन पावलं मागं सरला.

"आता पंचाचा निवाडा ऐका. आजपासून गायमुखावर ज्याला तहान लागेल तो येईल. पाणी उकळून प्यायचं, मीही पिणार. सड्यावर लोटा घेऊन जायचं बंद; कुठं जायचं ते पुरुषांनी बसून ठरवा, ठराव करायची हौस आहे ना तुम्हाला. आणि भुयार उपसायचं. पहिलं घमेलं माझा जना उचलेल."

मी जनाकडे बघितलं. त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला बांधला. बस, एवढंच. तो माझाच पोरगा, पण बोलून दाखवायची सवय आमच्यात मला एकटीलाच.

निंगव्वा कुठं दिसेना. बघते तर गुरवाची कळशी मागून घेऊन गायमुखाखाली धरून बसली होती, आणि तिथूनच मला म्हणाली, "आजी, मी हे उकळून देईन."

सुलभा सगळ्यांत शेवटी आली. पोतं सांभाळत उतरली म्हणून उशीर. धापा टाकत गर्दीतून वाट काढत आली, साडीचे काठ चिखलानं भरलेले, कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं.

"आलं?" तिनं विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

आता दुसरी कुठली सून असती तर रडली असती, गळ्यात पडली असती, निदान हुश्श तरी म्हणाली असती. मी तयारीतच उभी होते. चारचौघांत गळ्यात पडली तर पाठीवर हात ठेवायचा, एवढंही मनाशी ठरवलं होतं.

"कुठे? बघू," ती म्हणाली.

मी ओंजळ पुढं केली. तिनं पिशवीतून शाळेचं गोल भिंग काढलं आणि एकेक तूस चिमटीत धरून, उन्हाकडे करून बघायला लागली. बघून झाल्यावर भिंग खाली घेतलं आणि माझ्याकडे, नव्हे, माझ्या साडीकडे बघून म्हणाली, "आई, हे तुमच्या पदराला चिकटून आलं नसेल ना? सकाळी माळ्यावरून पोतं तुम्हीच काढलंत म्हणून विचारते."

आणि माझा पदर हातात घेऊन तिनं झटकून बघितला. गावासमोर.

पदरातून काही पडलं नाही. तेव्हा कुठं तिचा चेहरा उजळला, आणि तो उजळला तसा लगेच परत विचारात पडला.

"तरी एकदा आलं म्हणजे ठरलं असं होत नाही," ती म्हणाली. "अर्धं पोतं मी मुद्दाम मागं ठेवलंय. जेवून आलो की परत टाकू. दोनदा आलं तर मग कुणालाच बोलायला जागा नाही. तुम्ही बसाल ना, आई?"

तातूनं कपाळाला हात लावला. पोरी तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होत्या, आता काकी काय करते म्हणून. मी तिच्या हातातून माझा पदर सोडवून घेतला, नीट खांद्यावर घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हटलं:

"टाक परत. मी बसते इथंच, जेवायलाही जात नाही. पण एक ऐकून ठेव, सुलभा. माझी सासू गेली तेव्हा मी तेराव्यापर्यंत रडले, आणि आज कळलं की फुकट रडले. म्हातारी मेली नव्हती. घाटावर बी.एस्सी. करायला गेली होती."